एकतीस दिवसांचं गाठोडं

१९ जानेवारी, सोमवार

लिही नासारिया. वर तारीख घाल, खाली मी सांगते ते. जसं सांगते तसंच. शिव्या आल्या तर शिव्या लिही, गाळू नकोस. गाळण्यामुळेच तर आज माझं डोकं फिरलंय.

ही वही दुकानातून आणली, शाळेच्या पोरांची, वर सशाचं चित्र आहे. मला अक्षर येत नाही. शहात्तर वर्षं अक्षरावाचून काढली आणि कुणाला फसले नाही. पण आजपासून माझं सगळं कागदावर. रेडिओच्या खोलीतल्या त्या कम्प्युटरवर माझा भरवसा उरला नाही. कागद उंदीर खातो हे मला माहीत आहे, पण उंदीर खाल्ल्यावर चुरा तरी मागे ठेवतो.

आज मेलेसियो पंचाने कचेरीत बोलावलं होतं. आठ फेब्रुवारीला शेजारच्या सान लुकासवाल्यांबरोबर सीमा चालायची आहे. बारा वर्षांनी एकदा चालतात, दोन्ही गावांची माणसं दगडादगडावर थांबून नाव घेतात आणि पुढे जातात. मागच्या पाचही खेपांना पुढे होता माझा नवरा, एपिफानियो. तो ऑक्टोबरात गेला. सगळी नावं ओळीने येणारा तो शेवटचाच बाप्या, म्हणून गेल्या ऑगस्टात आमच्या गावच्या रेडिओने माझ्या चुलीपाशी बसवून त्याच्या तोंडून ती भरून घेतली. नदीपासून शिखरापर्यंत एक्केचाळीस.

आज ते ऐकवलं. मी जाताना मक्याचे एक्केचाळीस दाणे मुठीत नेले होते. तो एकेक नाव घेई, मी एकेक दाणा ओटीत टाकी. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकताना हाताला काहीतरी काम हवं. आवाज थांबला तेव्हा मुठीत तीन दाणे उरले होते.

मी म्हटलं, "परत लाव."

परत लावलं. परत तीन.

घुबडाच्या दगडानंतर येतात जळका ओक, झऱ्याची मान आणि कोल्हिणीचं बीळ. त्यानंतर दोन पाइन. रेकॉर्डिंगमध्ये एपिफानियो घुबडाच्या दगडावरून थेट दोन पाइनांवर उडी मारतो, जणू काही तरणाबांड बोकड आहे. आणि घुबडापासून पाइनांपर्यंत सरळ रेघ ओढली की वरचा झरा सान लुकासच्या पदरात पडतो. अख्खी वरची वाडी त्या झऱ्याचं पाणी पिते. ह्या घरातला नळसुद्धा.

यंदा रेडिओची गावकी, म्हणजे गावाची बिनपगारी वर्षाची पाळी, हेर्मिनियोकडे आहे. तो कम्प्युटरपाशी बसून मला म्हणतो, "मावशी, मोजण्यात चूक झाली असेल."

म्हटलं, "दाणे मोजताना चुकायला मी काही तुझं यंत्र नाही."

सगळे हसले. मी नाही.

२० जानेवारी

काल रागाच्या भरात महत्त्वाचं सांगायचं राहिलं. भरून कसं घेतलं ते.

गेल्या वर्षी रेडिओच्या समितीत हीच होती, माझी सून नासारिया. माझा मुलगा फिदेन्सियो उत्तरेत, परमुलखात ताटं धुतोय, त्याच्या वाटची गावकी हिने केली. आमच्याकडे नवरा परगावी असला तर बायको उभी राहते, गावाला हात मोजायचे असतात, मिश्या नाही. तर ही कम्प्युटर घेऊन आली, टेबलावर ठेवला. पडद्यावर कानाला लावायच्या त्या फोनची तीन चित्रं होती. तिन्ही सारखी. हिने तिसऱ्यावर बोट ठेवलं. मला वाचता येत नाही म्हणून मी बोटं बघते.

ते उघडायला इतका वेळ लागला की तव्यावर टाकलेली तोर्तिया दोन्ही बाजूंनी झाली, फुगली आणि मी ती उतरवली. एपिफानियो म्हणाला, "हे माझ्यापेक्षा म्हातारं दिसतंय." मग तो बोलायला लागला, आणि मी तव्यापाशीच होते. घुबडानंतर तो चुकला. मी तिथूनच ओरडून तीन नावं सांगितली. तो "हो हो, ती पण" म्हणाला आणि पुढे गेला. तो घरात कायम तसाच होता, चूक कबूल करताना दोन शब्दांवर तिसरा खर्च करत नसे.

म्हणजे ती तीन नावं आहेत, पण माझ्या आवाजात आहेत. मग कालच्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज कुठे गेला? चुलीवरच्या भांड्याचासुद्धा आवाज नव्हता. कोंबडीचा नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात कोंबडी गप्प बसली असं कधी झालंय?

हे लिहिताना हिचं पेन थांबलं. मी विचारलं, शाई संपली का? म्हणाली, "नाही, आई."

मग लिही.

२२ जानेवारी

आज रेडिओच्या खोलीत गेले. चढ आहे, गुडघे बोलले, मी त्यांना उत्तर दिलं नाही.

हेर्मिनियोला लहानपणी खरूज झाली तेव्हा मी आंघोळी घातल्यात. शहरातलं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून वर्षभराची गावकी करायला आला, बदली माणूस लावून मोकळा झाला नाही, हे त्याच्या पदरात टाकते. बाकी आज त्याच्या पदरात काही टाकण्यासारखं नाही.

मी पडद्याकडे बघितलं. कानातल्या फोनचं चित्र एकच.

"बाकीची दोन कुठे गेली?"

"काढली, मावशी. एकच प्रोग्राम तीनदा होता."

मग त्याने मला सांगितलं, जणू मी लहान पोर आहे असं सावकाश सांगितलं. ह्या कम्प्युटरमध्ये लिनक्स आहे, ते फुकट असतं म्हणून गावाने घेतलं. आवाज भरायचा नि कापायचा प्रोग्राम पहिल्या समितीने लिनक्सच्या स्वतःच्या कोठारातून घेतला. पुढच्या समितीला त्यात नसलेलं एक बटण हवं होतं, त्यांनी तोच प्रोग्राम दुसऱ्या दुकानातून आणला. तो आपलं सगळं सामान डब्यात भरून येतो आणि त्या डब्यातच राहतो. तिसऱ्या समितीने कुठून तरी एक सुटी फाईल आणून ठेवली, तोच प्रोग्राम.

"नाव एक, चित्र एक," हेर्मिनियो म्हणाला. "पण तिघांची बिऱ्हाडं वेगळी. एकात केलेलं काम दुसऱ्याला ठाऊक नाही. लोक भलतंच उघडायचे आणि माझं काम गेलं म्हणून बोंब मारायचे. म्हणून एक ठेवला आणि दोन उडवले."

"आणि तुझ्या आधीच्यांना हे सुचलं नाही?"

"त्यांना यादीवरच्या शिक्क्याची भीती. गावकी सोपवताना यादी करतात ना. यादीत लिहिलंय, आवाजाचे प्रोग्राम तीन. तीन घेतले, तीन दिले. दरवर्षी नवीन समिती आपला एक आणणार आणि जुन्यांना हात लावणार नाही. असंच चाललं असतं तर दहा वर्षांत दहा झाले असते."

"मग तू कोण मोठा टिकोजी? तुझ्या हातात दिलेल्या यादीतल्या वस्तू तू गावाला न विचारता फेकतोस? पंचायतीच्या स्वयंपाकघरात सात तवे आहेत, सातही सारखे. उद्या तू सहा फोडशील."

"सहा तव्यांची गरज नसेल तर..."

"गरज कुणाला नाही ते तवा फोडल्यावर कळतं. सावकाश उघडायची ती कुठाय?"

"ती तर पहिली काढली. डब्यातली. तिचाच वैताग जास्त."

"कधी?"

"सहा तारखेला. तीन राजांच्या सणाला, दुपारी तीनला."

म्हणजे त्या दिवशी आम्ही सगळे गोल पाव कापायला जमलो होतो आणि हा हात झटकत आला होता, 'आज साफसफाई केली' म्हणून. पावात लपवलेली बाहुली त्याच्याच तुकड्यात निघाली, आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मी परत घेते.

तो म्हणतो, रेकॉर्डिंग सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये आहे, तेच ऐकवलं. मी म्हणते, ते कुणीतरी नीटनेटकं केलेलं आहे, मूळ त्या सावकाश उघडणारीच्या घरात होतं. तो म्हणतो, असं दोनदा भरल्याचं यादीत नाही. मी म्हणते, तुझ्या यादीच्या आयचा घो.

नासारिया, लिही. मी सांगितलं होतं, गाळायचं नाही.

२५ जानेवारी, रविवार

गावसभा झाली. मी बोलले. हे मी लिहून ठेवते, कारण त्यांच्या वहीत ते लिहिणार नाहीत.

मेलेसियो पंच म्हणाला, "सरकारी कागदात नदी आणि शिखर अशी दोनच टोकं आहेत. मधलं सगळं तोंडी. आपल्याकडे एपिफानियोकाकांचा आवाज आहे. माणूस गेला, पण आवाज खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, "आवाज खोटं बोलत नाही, आवाज कापणारा बोलतो."

मागून कुणीतरी विचारलं, "तुम्ही सीमेवर कधी चाललात, मावशी?"

मी वळून बघितलं. कोण बोललं ते कळलं, त्याच्या आईच्या इभ्रतीसाठी नाव सांगत नाही. म्हटलं, "पाच वेळा. साठ वर्षांत पाच वेळा. तुम्हा तीस जणांच्या मागून पाठीवर तोर्तियांची टोपली आणि घेवड्याचं मडकं घेऊन. जळक्या ओकाखाली तुम्ही जेवता. तुम्हाला काय वाटतं, ते जेवण ओकाच्या झाडाला लागतं?"

हसले. मग मेलेसियोने टोपी हातात फिरवली आणि म्हणाला की, मावशींचा मान आहे, पण सान लुकासपुढे एका बाजूला खुद्द काकांचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या बायकोची आठवण, असं कसं उभं राहणार? मूळ रेकॉर्डिंग मिळालं तर ठीक. नाही तर अडतीस.

हात वर झाले. अडतीस.

उठताना आणखी एक वाक्य ऐकलं. "आणि घरात सून सान लुकासची." हळू म्हणाला, पण माझ्या कानांना वय झालेलं नाही. नासारियानेही ऐकलं. नऊ वर्षं झाली तिला ह्या गावात येऊन, दोन वर्षं गावकी केली, आणि अजून ती सान लुकासचीच.

राग असा होता की घरी येऊन मी मका दळला, नको असताना.

२६ जानेवारी

आज कुणाशी बोलले नाही. कोंबडीशी बोलले. ती मध्ये तोडत नाही.

२९ जानेवारी

नासारियाचं काहीतरी बिनसलंय. हे तिलाच लिहायला सांगतेय म्हणजे तिला कळेल की मला दिसतं.

जेवत नाही. दळण झालं की रेडिओच्या खोलीत जाते, हेर्मिनियो जेवायला जातो नेमकी त्या वेळेला, आणि डोळे लाल करून येते. काल विचारत होती, "आई, सहा जानेवारीपासून एकतीस दिवस कधी भरतात?" बाईने दिवस मोजायला घेतले की सासूच्या मनात एकच विचार येतो. पण फिदेन्सियो दोन वर्षं उत्तरेत आहे. तेव्हा तो विचार मी काढून टाकला, आणि काढून टाकला हे तिला सांगितलंही. हसली नाही. एरवी अशा गोष्टीला ती तोंडाला पदर लावून हसते.

दुपारी परत विचारलं, "आई, एखाद्याने चांगल्या मनाने वाईट केलं तर?"

मला वाटलं, हेर्मिनियोची बाजू घेतेय. म्हटलं, "चांगलं मन खिशात ठेवावं. मला माझी तीन नावं पाहिजेत."

तिला दचक बसलीय. सभेतल्या त्या वाक्याची. मी अंडं घेतलं, तुळशीची जुडी घेतली, डोक्यापासून पायापर्यंत उतरवलं आणि अंडं पेल्यात फोडलं. पाण्यात सुतासारखे धागे वर आले. दचक आहेच. पण धाग्यांच्या मधोमध एक गाठ होती, ती मला कळली नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

कांदेलारियाचा दिवस. बाहुली ज्याच्या तुकड्यात निघाली त्याने आज सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे. हेर्मिनियो घरोघर वाटत आमच्याकडे आला, केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे, आत काळं मोले, मिरच्यांचा दाट रस्सा. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"घ्या मावशी. आईने केलेत, मी नाही."

"म्हणूनच घेते."

आत बसला. मी एक खाल्ला. त्याची आई हात राखून मोले करत नाही, हे लिहून ठेव. मग म्हटलं, "सापडलं का?"

"सगळं शोधलं. कचऱ्याचा डबासुद्धा. प्रोग्राम काढला की त्याचं घरही जातं, मावशी. त्या डब्यातल्यांचं तसंच असतं. ते जे काही ठेवतात ते स्वतःच्या घरात."

"आणि काढायच्या आधी घरात कोण आहे ते बघायचं नसतं का?"

"फाईल तिथे असेल असं वाटलं नाही. सगळ्यांच्या फोल्डरमध्ये एक होतीच ना त्या नावाची."

"त्या नावाची. तुम्हा अक्षरवाल्यांना नाव सारखं दिसलं की वस्तू सारखी वाटते. मला अक्षर येत नाही, म्हणून मला तीन वेगळ्या दिसल्या. एक पटकन उघडायची, एक मध्येच बंद पडायची, आणि एक सावकाश. तू सावकाशला हाकललंस. अरे, नांदायला आलेल्या बाईला जरी घराबाहेर काढलं तरी तिला तिचं गाठोडं बांधू देतात. तू तेवढंही दिलं नाहीस."

तेवढ्यात नासारियाच्या हातून मडक्याचं झाकण पडलं. फुटलं. ते माझ्या आईचं झाकण होतं. तुकडे मीच वेचले, ती इतकी पांढरी पडली होती.

हेर्मिनियोने जाताना विचारलं, "आणखी दोन ठेवू का, मावशी?" ठेव म्हटलं. राग आहे, पण तामालांवर नाही.

३ फेब्रुवारी

आज धुकं. घेवड्यात मीठ जास्त पडलं, हिने घातलं. बाकी काही नाही.

(ह्यापुढचं आईंनी सांगितलेलं नाही. त्या समोर बसून घेवडा निवडतायत. त्यांना वाटतंय मी मिठाबद्दल लिहितेय.

मी कापलं. सप्टेंबरात रेडिओवर लावायचं म्हणून बाबांचा आवाज स्वच्छ केला. भांडी, कोंबड्या आणि मागून ओरडणाऱ्या आई, सगळं काढलं. घरगुती भांडण आहे असं समजले. इथल्या बोलीतली दगडांची नावं मला कळत नाहीत, आमच्याकडे ती वेगळी आहेत, आणि बायकांनी ती शिकायची नसतात. स्वच्छ केलेलं सगळ्यांच्या फोल्डरमध्ये ठेवलं. मूळ त्या डब्यातल्या प्रोग्रामच्या घरातच राहिलं.

अठ्ठावीस तारखेला मी वाचलं की असा प्रोग्राम काढला तर लिनक्स स्वतःच त्याच्या घरातल्या सामानाचं गाठोडं बांधून बाजूला ठेवतं. एकतीस दिवस. मग टाकून देतं. मी कम्प्युटरवर अशा गाठोड्यांची यादी बघितली. गाठोडं आहे. सहा जानेवारी, दुपारचे तीन.

सोडवायला परवलीचा शब्द लागतो, तो हेर्मिनियोकडे आहे. म्हणजे सांगावं लागेल. मूळ वाजलं की पहिला प्रश्न येईल की आधीचं कुणी कापलं. सान लुकासच्या मुलीने सान लुकासची सीमा कापली. मी मुद्दाम केलं नाही, हे कोण ऐकेल? फिदेन्सियोला फोनवर काय सांगतील?

नाही सांगितलं तर वरच्या वाडीचा झरा जाईल आणि आई खोट्या ठरतील. त्या हयात असेपर्यंत रोज मुठीत तीन दाणे घेऊन बसतील.

आई विचारतायत, एवढं काय लिहितेस.)

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज काहीतरी झालं, पण मला ते अर्धंच कळलं.

सकाळी नासारियाने रेबोसोची शाल डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "आई, माझ्याबरोबर चला." रेडिओच्या खोलीत हेर्मिनियोपुढे उभी राहिली, हात जोडल्यासारखे धरून, आणि सांगितलं की गाठोडं आहे. उद्या दुपारी तीनपर्यंतच आहे.

हेर्मिनियोने आधी मान हलवली, मग कम्प्युटरवर काहीतरी टंकलं, मग तोंड उघडं टाकून बसला. म्हणाला, "बांधलंय. खरंच बांधलंय."

"यंत्राला तुझ्यापेक्षा जास्त रीत आहे," मी म्हटलं.

पण गाठोडं सोडायला ती सावकाश उघडणारी परत आणावी लागते म्हणे, तिचं सामान तिच्याच घरात उलगडतं. आणि ती येते इंटरनेटवरून. आणि बाहेर धुकं असं की डोंगरावरचा खांब दिसेना. खांब दिसेना म्हणजे इंटरनेट नाही. संध्याकाळपर्यंत बसलो. डबा दहातला एक भाग आला की तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मी त्या यंत्राला जे बोलले ते ह्या वहीतसुद्धा नको.

हेर्मिनियोने नासारियाला विचारलं, "तुला हे कधी कळलं?" ती म्हणाली, "अठ्ठावीसला." त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. आठ दिवस गप्प का बसली, हे मीही विचारलं नाही. का विचारलं नाही ते माझं मला माहीत.

६ फेब्रुवारी

धुकं सकाळी दहाला उठलं. मेलेसियो पंचही येऊन बसला. हेर्मिनियो नखं खात होता. डबा पूर्ण यायला साडेतीन तास लागले. दोन वाजत आले होते. मग त्याने दोन ओळी टंकल्या आणि परवलीचा शब्द घातला.

पडद्यावर कानातल्या फोनचं दुसरं चित्र आलं. त्याने बोट ठेवलं. काही झालं नाही.

"बिघडलं," मेलेसियो म्हणाला.

"थांबा," मी म्हटलं. "एक तोर्तिया होऊ दे."

उघडलं.

आधी माझी कोंबडी आली. मग तवा. मग एपिफानियो खोकला, जसा तो बोलायच्या आधी खोकायचा. तोसुद्धा कापला होता, ते मला आजच कळलं. त्या खोकल्याने माझं काय झालं ते लिहू नकोस.

नदीपासून नावं आली. "घुबडाचा दगड," तो म्हणाला. "मग दोन पाइन."

आणि मागून एक बाई ओरडली, "झोपलास का? घुबडानंतर जळका ओक, झऱ्याची मान, कोल्हिणीचं बीळ. पितोस ते पाणी कुठून येतं वाटतं तुला?"

"हो हो, ती पण," एपिफानियो म्हणाला. "बाई, तोर्तिया जळतेय."

मेलेसियोने टोपी काढली. कुणासाठी काढली कोण जाणे, माझ्यासाठी की त्याच्यासाठी. म्हणाला, "एक्केचाळीस."

मी म्हटलं, "आणि ती तोर्तिया जळली नव्हती. ते तो खोटं बोलला."

८ फेब्रुवारी, रविवार

सीमा चालले. सहाव्यांदा, आणि ह्या वेळी टोपली पाठीवर नव्हती. पुढे चालले, काठी घेऊन.

घुबडाच्या दगडापाशी सान लुकासवाल्यांचा म्होरक्या थांबला. लाउरो, नासारियाचा सख्खा काका. हेर्मिनियोने रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज डोंगरात गेला आणि परत आला. लाउरोने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जळका ओक आमच्या म्हाताऱ्यांच्या ओळीतही आहे. तुम्ही अडतीस म्हणत होतात, आम्ही कशाला भांडून वाढवू?"

इतका निर्लज्ज आणि इतका खरा माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मग तोच म्हणाला, "पण जानेवारीत तुमच्याच रेडिओवर मी ऐकलं. त्यात ही बाई नव्हती. कुणी काढली?"

आमच्यातले काही नासारियाकडे बघायला लागले, तो सभेतला तर पहिला. हेर्मिनियो बुटांकडे बघत होता. नासारियाने तोंड उघडलं.

मी म्हटलं, "मी काढायला लावली. नवऱ्यावर ओरडणारी बायको साऱ्या डोंगराला कशाला ऐकवायची? लाज वाटली. म्हातारपणी माणसाला भलत्या गोष्टींची लाज वाटते. कुणाला आणखी काही विचारायचंय?"

कुणाला नव्हतं. जळक्या ओकाखाली जेवलो. टोपली दोन्ही गावच्या पुरुषांनी वाहिली होती, घेवडा अर्धा सांडून.

९ फेब्रुवारी

आता शेवटचं, मग ही वही पेटीत जाईल.

हेर्मिनियोला सभेने दंड केला, यादीतल्या वस्तू न विचारता काढल्याबद्दल तीन दिवस गावकाम. मी झऱ्याचा पाट उपसायचं काम मागून घेतलं त्याच्यासाठी. आज गुडघाभर चिखलात होता. मी काठावर बसून बघितलं, चांगलं वाटलं. नवीन यादीत आता आवाजाचे प्रोग्राम दोन आहेत, आणि प्रत्येकापुढे कुठून आला आणि त्याच्या घरात काय आहे ते लिहिलंय. सावकाश उघडणारीवर त्याने कानातल्या फोनऐवजी तव्याचं चित्र लावलंय. आता मलाही वाचता येतं.

माझा राग गेलेला नाही. साठ वर्षं मी त्या दगडांवरून अन्न वाहिलं, आणि माझ्या शब्दाला किंमत आली ती एका मेलेल्या माणसाने 'हो हो' म्हटल्यावर. हे ठळक लिही.

आणि नासारिया, उद्या सकाळी आपण दोघी नदीपासून निघणार आहोत. टोपली तू घेणार. एक्केचाळीस नावं, आमच्या बोलीत, तू घेणार. एक चुकलीस की परत नदीपाशी. माझे गुडघे दुखतात, तेव्हा चुकू नकोस.

पेन थांबवू नकोस, अजून आहे.

तीन तारखेला मी तुला धुकं आणि मीठ एवढंच सांगितलं होतं. मला अक्षर येत नाही, पण पान रिकामं की भरलेलं हे दिसतं. त्या दिवशी तू पान भरून उलटलंस. मी घेवडा निवडत होते, डोळे मिटून नव्हते. सहा दिवस वाट पाहिली.

आता वही माझ्याकडे फिरवू नकोस, मला काय कळणार. तूच वाच. मोठ्याने. तीन तारखेपासून.